चुकीची बटणं

अम्मानला लुवेब्देच्या टेकडीवरून
एकशे चौदा पायऱ्या उतरलं की
रुदैनाबाईंचं शिवणाचं दुकान.
पहिल्या दिवशी मी पुस्तकातलं वाक्य
इस्त्री करून नेलं, शेवटच्या स्वरासकट.
बाईंनी दातांत धरलेला दोरा तोडला:
'बातम्या द्यायला आलीस, की बाही आखूड करायला?'

कॉफी पुस्तकात कहवा.
बाई म्हणतात अहवे.
फय्याद इस्त्रीवाला, कराककडचा, म्हणतो गहवे.
मी कुणाची म्हणू?
'ज्याची पिशील त्याची,' फय्याद म्हणाला
आणि थर्मासचं झाकण भरून पुढे केलं.

वही काढली की बाई ती मिटायच्या.
'टेबलावर कापड कळत नाही. अंगावर घाल.'
मग टॅक्सीत, रोटीच्या भट्टीपाशी
मी बोलणं अंगावर घालत राहिले,
कुठे ढगळ, कुठे काखेत काचणारं.

एकदा कोटासाठी सहा झरार मागायचे
ते मागितले सहा झगार.
बटणांऐवजी लेकरं.
फय्यादच्या हातातला पाण्याचा फवारा भिंतीवर उडाला.
बाईही हसल्या. मग सुईत दोरा ओवत, वर न बघता:
'सहा कुठून देऊ? मला तीनच झाले.
त्यातला मुअतसिम कॅनडात.'

त्याचं नाव मला येईना.
मधे ते अक्षर, ऐन,
आपल्या बाराखडीत कुठेच न बसणारं;
अ म्हटलं की रुसतं, ह म्हटलं की उठून जातं.
बाईंनी अंगुस्तान घातलेलं बोट
माझ्या गळ्यावर टेकवलं. थंड.
'इथून. ओकारी येते तिथून. पण येऊ द्यायची नाही.'
रोज संध्याकाळी वीस वेळा तेच नाव,
दुकानात नसलेल्या माणसाला हाक.

तिकडे त्याला मो म्हणतात.

गुरुवारी नातवाचा फोन, स्पीकरवर.
त्यालाही बापाचं नाव येत नाही.
बाई दोनदा सांगतात, तिसऱ्यांदा
फोन माझ्याकडे सरकवतात:
'तू सांग. नुकतीच गेलीस त्या वाटेने.'
मी म्हणते, बोट गळ्यावर ठेव.
ठेवलं, म्हणतो.
खाली. अजून खाली. आता हाक मार.
पलीकडे खाकरणं, हसू, पुन्हा खाकरणं,
आणि लांबून, दुसऱ्या खोलीतून
एक जाड आवाज:
'काय रे?'

बाईंनी मशीनचं चाक हाताने धरून ठेवलं होतं.