लसूण

आमच्याकडे चारला घंटा वाजत नाही.
सोभिता थेरी खोकतात,
तेवढ्यानं सगळा विहार उठतो.

मी खराटा घेते.
बोधीखालची वाळू पाठमोरी झाडत जायची असते,
म्हणजे आपली पावलं आपणच पुसतो.
हिरवं पान तोडायचं नाही, माती उकरायची नाही.
गवत फार माजलं तर उपासकाला
सरळ 'काप' असंही म्हणायचं नाही.
"हे गवत बघ बरं का," एवढंच.
तो बघतो, हसतो, विळा काढतो.

कातुनायकेच्या कारखान्यात मी बाह्या जोडायचे.
तासाला नव्वद. डावी, उजवी, डावी, उजवी.
सहा वर्षांत एकही अख्खा शर्ट पाहिला नाही.
मोरीत जायचं तर गळ्यात पाटी अडकवून जायचं,
आणि पाटी एकच, चाळीस जणींत.
म्हणून कुणी विचारलं,
तीनशे अकरा नियम जड नाही का जात,
तर मला आधी ती पाटी आठवते.
चीवराला बाही नसते.
हे लक्षात आलं त्या दिवशी मी एकटीच
दोरीवरच्या धुण्यापाशी कितीतरी वेळ हसत होते.

पैसा हातात घ्यायचा नाही.
बसचं तिकीट छोटी निपुणा काढते,
तिचे नियम अजून दहाच आहेत,
त्यातला दहावा नेमका पैशाचाच,
म्हणून खरं तर ते उपासकाची मुलगी काढते.
माध्यान्हीनंतर जेवायचं नाही.
पहिलं वर्ष संध्याकाळी पोट बोलायचं.
आता गप्प असतं. कधीकधी मीच त्याला हाक मारते.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर दानाची यादी आहे,
कुठल्या तारखेला कुठलं घर.
पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आमचं घर होतं.
आई भावजयीचा हात धरून चढ चढून आली.

दरवर्षी ती माझ्यापुढे तीनदा वाकायची.
मी समोर बघत राहायचे, भिंतीकडे.
या वर्षी ती वाकली नाही.
जवळ आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला.
"इनो, ताप आला होता का गं?
केस कुठे गेले सगळे?"
भावजय कानकोंडी झाली.
आईनं डबा उघडला.
नारळाच्या दुधात शिजवलेला लसूण,
अख्ख्या पाकळ्या, वर कढीपत्ता.
लहानपणी मी हाच एक पदार्थ भांडून खायचे.

भिक्खुणीनं लसूण खाऊ नये.
पाचित्तियाचा अगदी पहिला नियम.
कुण्या एकीनं फार पूर्वी
कुणाच्या शेतातून मूठभर सोडून गाडाभर नेला म्हणे.
हाव तिची, पथ्य आमचं.

सूर्य डोक्यावर यायला वीस मिनिटं होती.
पात्र मागे घेता आलं असतं.
झाकण ठेवता आलं असतं, बाकीच्या करतात तसं,
नंतर गुपचूप कावळ्यांना घालता आलं असतं.
आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

सात पाकळ्या. मी मोजल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पाठाच्या आधी,
थेरींसमोर उकिडवी बसले, हात जोडले.
"अय्ये, माझ्याकडून असं घडलं."
"दिसतं का?"
"दिसतं."
"पुढे जपशील?"
"जपेन."
एवढंच असतं. दंड नाही, कान धरणं नाही.
विचारायचं आणि सांगायचं.

उठले, तशा थेरी खोकल्या.
"मेथ्या घातल्या होत्या का गं?"
"घातल्या होत्या."
"हं," म्हणाल्या,
आणि बराच वेळ दिव्याची वात नीट करत बसल्या,
जी नीटच होती.

यादीत आमचं घर पुन्हा दोन महिन्यांनी आहे.
डबा तोच येईल.
तोवर आईला माझं नाव आठवत असेल की नाही, ठाऊक नाही.

जपेन, म्हणाले आहे मी.
काय जपशील,
ते मात्र विचारायची रीत नाही.