सोमसूत्री

वार्न्यापासून रस्ता सुरू होतो,
की गाव म्हणजेच रस्ता, ते कळत नाही.
एका ओळीत घरं, संपता संपत नाहीत,
दारोदारी कांद्याच्या वेण्या टांगलेल्या,
आणि दोन घरांच्या फटीत, दर फटीत, उजव्या हाताला
पैपुस.

तळं म्हणतात त्याला.
पलीकडचा काठ दिसत नाही.
म्हणताना जीभ जरा अडखळते.

कोल्क्यात मागचं चाक बसलं.
फेओक्तिस्ता झिनोव्येव्ना बाकावर कांदे गुंफत होती.
उठली नाही. हनुवटीनंच शेड दाखवली :
बादली तिथे आहे.
ट्यूब बुडवली, फिरवली,
भोक सापडेना. मग एक बुडबुडा आला, थांबला, दुसरा आला.
वर आढ्याला एक जुनी सायकल टांगलेली,
सीट नाही, चेन नाही,
कॅरियरला बांधलेल्या टोपलीत कोंबडी बसलेली.

कुठवर, तिनं विचारलं.
तळ्याला वळसा घालणार, मी म्हणाले.
ती हसली नाही.

वळसा माझा बाप घालायचा. पाच दिवस लागत.
जाताना कांद्याचं बी, येताना सुकी मासळी.
ग्दोवला त्याची मावशी होती, तिच्याकडे मुक्काम,
ती त्याचे मोजे रफू करून द्यायची.
तेव्हा नकाशा एकाच रंगाचा होता.
म्हणून बरा होता, असं समजू नकोस.
याच रस्त्यावरून आजोबांना ट्रकमध्ये घालून नेलं.
पण वळसा पुरा व्हायचा.

मग एक वेणी माझ्या हँडलला अडकवली,
आणि चार युरो मोजून घेतले.

काल्लास्तेला काठ एकदम लाल.
दगडात पाकोळ्यांची बिळं, शंभरेक तरी,
सगळ्या एकाच वेळी घरी निघालेल्या.
मुस्तवेपासून वारा समोरून, दिवसभर.
कांदे गुडघ्यावर आपटत राहिले,
एकेक पापुद्रा सुटून मागे उडत गेला.
कौक्सीच्या पाइनमध्ये वाळूत चाकं रुतली,
उतरले, ढकलत चालले,
तळं उजवीकडे, सतत उजवीकडे,
तेव्हा कुठे ध्यानात आलं, मी काय करते आहे.

वास्कनार्वाला रस्ता संपतो.
इथून तळं नदी होऊन बाहेर पडतं,
उत्तरेला तोंड करून.
पाण्यावर पाटी. पलीकडे तसाच लव्हाळा,
तसाच धक्का, तशीच एक उलटी नाव.

आमच्या महादेवाला पुरती प्रदक्षिणा नसते.
पन्हळीपर्यंत जायचं,
जिथून पिंडीवरचं पाणी बाहेर पडतं,
ते ओलांडायचं नाही. तिथूनच मागे फिरायचं.
लहानपणी मी वडलांना विचारलं, का?
ते म्हणाले, ओलांडायचं नाही म्हणून.
मला ते उत्तर तेव्हाही पटलं नव्हतं.

पलीकडच्या धक्क्यावर कुणीतरी सायकलवरून आलं.
उतरलं. बाटली तोंडाला लावली.
पिवळं जाकीट. बाई की पुरुष, कळेना.
हात हलवू नका, असं मला चहाच्या टपरीवर बजावलं होतं.
हलवला नाही.
घंटी वाजवली, एकदा.
वारा माझ्याच बाजूला वाहत होता, काय ऐकू जाणार.
त्या माणसानं वाकून चाकाची हवा चाचपली,
सायकल वळवली, आणि त्याचं तळं
त्याच्या उजव्या हाताला घेऊन निघून गेला. किंवा गेली.

माझं डावीकडे आलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा कोल्क्यात.
वेणीत सात कांदे उरले होते.
कुठवर गेलीस, तिनं विचारलं नाही.
पाणी कसं होतं, एवढंच विचारलं.
खूप ओढ आहे, मी म्हणाले. बाहेर जायला घाई झाल्यासारखी.
तिनं काळा पाव कापला, मीठ ठेवलं, सुरी शोधायला वळली.
मी कांदा फळीवर ठेवला
आणि बुक्कीनं फोडला.

फेओक्तिस्ता बघतच राहिली.
बाबा असाच फोडायचा, म्हणाली,
आणि डोळे पुसले.
कांदा फार तिखट होता.