सगळं त्यात आलं

मनगटावर निळा पट्टा आवळत पोरगी म्हणाली,
चार दिवस हा काढायचा नाही.
न्याहारी, जेवण, सरबत, आइस्क्रीम, खुर्ची, छत्री,
सगळं त्यात आलं.
आईनं विचारलं, आणि समुद्र?
पोरगी हसली. तोही.

बाबांचं मनगट जाड. पट्टा शेवटच्या भोकात बसला.
एकोणीस वर्षांपूर्वी याच हातांनी
इथल्या पोहण्याच्या तलावाला त्यांनी फरशी लावली,
तेव्हा इथे नुसती वाळू होती, पाण्याचा एक टँकर
आणि कूसहून आलेले चाळीस कामगार.
हे त्यांनी तिथे कुणाला सांगितलं नाही.
छताच्या कोपऱ्यांकडे बघत उभे राहिले,
सांधे नीट भरलेत का ते तपासत.

आईचं वेगळंच.
पहाटे उठून तिनं चारही बिछाने आवरले,
न्हाणीघर पुसलं, कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारली.
बाहेरचा माणूस येणार, काय म्हणेल?
बखीत आला तर त्याला करायला काही उरलंच नव्हतं.
बिचारा दारातच अवघडला.
मग एक टॉवेल घेऊन त्यानं पलंगावर हंस घडवला,
डोळ्यांच्या जागी दोन कॉफीच्या बिया.
तो हंस आईनं मोडू दिला नाही.
चौघांनी चार दिवस तिच्या जुन्या चादरीला अंग पुसलं.

जेवणघरात वेटर आमच्याशी आधी रशियनमध्ये बोलला,
मग इंग्रजीत.
बाबा म्हणाले, पोरा, जरा मीठ दे.
तेवढ्यावर त्यानं ओळखलं.
आवाज खाली आणून विचारलं, कुठले काका?
कूसचे.
मी नकादाचा! नदीच्या पलीकडचा!
छातीवरच्या बिल्ल्यावर बॉबी लिहिलेलं, खरं नाव बेशाय.
शाझली तोवर सातव्या आइस्क्रीमवर पोचला होता
आणि आई बोटांवर हिशोब घालत होती:
माणशी इतके पौंड, भागिले चार दिवस, भागिले तीन वेळा,
म्हणजे ही कलिंगडाची फोड केवढ्याला पडली?
दोन पाव तिनं रुमालात बांधून पर्समध्ये टाकले
आणि खोलीवर गेल्यावर, स्वतःचीच लाज वाटून,
गॅलरीतल्या चिमण्यांना घातले.

तिसऱ्या संध्याकाळी तलाव रिकामा झाला
तेव्हा बाबा पँट दुमडून पायऱ्यांवरून पाण्यात उतरले.
खाली बघत नव्हते. पायानं काहीतरी शोधत होते.
काय हरवलं?
म्हणाले, तू झालीस तो निरोप मला इथे मिळाला.
तीन दिवसांनी मिळाला. रजा नाही दिली मुकादमानं.
मग तिसऱ्या रांगेत एक फरशी मी उलटी बसवली,
खरखरीत बाजू वर.
म्हटलं, असू दे एक आपली.

अंगठ्यानं ते चाचपत राहिले,
वीज गेल्यावर फळीवरची काडेपेटी शोधावी तसे.
मधल्या काळात तलाव कधीतरी नव्यानं केला असणार.
सगळं गुळगुळीत.
मीही उतरले. थोडं पुढे जाऊन म्हटलं, इथे आहे बघा.
ते आले. पाय टेकवला. बराच वेळ टेकवला.
हो, म्हणाले, हीच.
पहारेकऱ्यानं शिट्टी फुंकली.

निघायच्या सकाळी बेशाय मागच्या दारानं आला,
वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून.
कामगारांच्या खानावळीतली शम्सी,
पीठ उन्हात ठेवून फुगवलेली, अजून ऊन ऊन.
हे त्यात नाही बरं का काकू, म्हणाला, हे वेगळं.
आईनं पर्स उघडली, तसा तो पळालाच.
मग ती खोलीत परत गेली
आणि हंसाच्या पंखाखाली नोट ठेवून आली.
किती, ते आजवर सांगितलेलं नाही.

वाळवंटात नाक्यावर बस थांबली.
आमच्या वयाचा, म्हणजे माझ्या वयाचा, एक शिपाई चढला.
ओळखपत्रं बघता बघता त्याची नजर निळ्या पट्ट्यांवर गेली.
कसा होता समुद्र?
आई चार दिवस वाळूवर बसून होती,
चपला न काढता.
होता, म्हणाली ती.
त्यात आला होता.