बटणं

मिसेस पॅस्को,
पैसे परत पाठवते आहे. बँकेनं मधल्यामधे कापलेले सात लारी
माझ्याकडून.
तुम्ही लिहिलं होतंत, माझ्या भाच्यानं, मालखाझनं,
दोनदा वाचून दाखवलं:
फॉर्मवर ‘कंद’ लिहू नका, ‘बटणं’ लिहा,
इथे कोण उघडून बघतंय.

तुमचं म्हणणं कळतं.
वाळलेला एन्द्झेला हातात घेतलात
तर खरंच कोटाच्या बटणाएवढा,
साल सुटत आलेली,
खिशात विसरला तर धुण्यात जाईल.
आणि फूल येतं तेव्हा बर्फ पुरतं हटलेलंही नसतं.
हेझेलच्या झुडपांखाली सगळी खाली मान घालून,
काहीतरी पडलंय आणि ते शोधताहेत अशी.
तुम्हाला ती टास्मानियात हवीत,
स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.
कुणाला नको असतील?

पण मी एकदा लिहिलंय ‘बटणं’.
तीन वर्षं झाली. दुसरं बेट, दुसऱ्या बाई,
त्यांचं नाव सांगत नाही.
केदाच्या पोस्टात लामारा वजन करते.
तिनं पाकीट नाकाशी नेलं, म्हणाली,
नाझिब्रोला, तुझ्या बटणांना मातीचा वास येतो गं.
म्हटलं, जुन्या कोटाची आहेत.
दोघी हसलो. तिनं शिक्का मारला.
‘भेटवस्तू’च्या चौकटीत फुली, खाली माझी सही,
आणि सहीच्या वर बारीक अक्षरांतली एक ओळ,
चश्मा घरी राहिला या सबबीवर
न वाचलेली.

पाकीट पोचलं नाही. म्हणजे पोचलं,
पण गोदामातल्या कुत्र्यानं लामारासारखंच नाक लावलं
आणि ते हसलं नाही.
मातीत अळ्या निघाल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या.
माझ्या मातीतल्या. त्यांच्या शेजारी मी जन्म काढला,
नावही ठाऊक नव्हतं.
कंद जाळले. दंड बाईंना झाला,
दोन महिन्यांच्या पेन्शनएवढा.
पत्ता त्यांचा होता ना.

त्यांनी एवढंच विचारलं:
तुम्हाला माहीत होतं?
उत्तर म्हणून मी माझ्याच जाहिरातीची शेवटची ओळ पाठवली,
‘आपापल्या देशाचे नियम ग्राहकाने तपासून घ्यावेत.’
तीही माझी नव्हे. गालिचे विकणाऱ्या कुणाच्या तरी पानावरून
मालखाझनं उचललेली.
किती सोयीची ओळ. मी नामानिराळी.
हात धुवायला पाणीसुद्धा लागलं नाही.

त्या पैशांचे बूट अजून माझ्या पायात आहेत.
चांगले निघाले.
सांगायला लाज वाटते, पण चांगले निघाले.

तर आता असं आहे, बाई.
कंदांचा परवाना त्बिलिसीहून येतो.
रोपांच्या तब्येतीचा दाखला बाटुमीहून,
तोही माती ब्रशनं घासून काढल्यावर.
एक कागद तुमच्या बाजूनं लागेल, आधी, नंतर नाही.
मालखाझनं तुमच्याकडच्या कार्यालयाला लिहिलंय.
बहुधा नाहीच म्हणतील.
नाही म्हणाले तर मी ते तुम्हाला जसंच्या तसं कळवीन,
मधेच मऊ करणार नाही.

ती ओळ मी काढून टाकली आहे.
तिच्या जागी काय लिहावं ते आठवडाभर सुचलेलं नाही.
मालखाझ म्हणतो, रिकामी सोड.
रिकामी जागा बघवत नाही मला.

या पत्रासोबत सहा बटणं आहेत.
शिंगाची पाठवणार होते, नवऱ्याच्या कोटाची,
पण शिंगालाही विचारावं लागतं म्हणे.
म्हणून ही प्लास्टिकची.
फॉर्मवर लिहिलंय: बटणं, सहा, प्लास्टिक, वापरलेली.
लामारानं सवयीनं पाकीट नाकाशी नेलं.
काही बोलली नाही.
मी चश्मा लावला, ती बारीक ओळ वाचली,
मागे चारजण ताटकळत होते तरी वाचली,
मग सही केली.

वजन अकरा ग्रॅम.