शून्य लिहिण्याआधी

शून्य लिहायला तीनदा यावं लागतं.
एकदा येऊन दिसलं नाही, तर ते नुसतं न दिसणं.
दुसऱ्यांदा, धुकं होतं म्हणता येतं.
तिसऱ्यांदा मात्र गुडघे टेकायचे,
मीटरभर लांबरुंद लाकडी चौकट गवतावर ठेवायची,
पातं न् पातं बोटांनी बाजूला करायचं
आणि मगच रकान्यात काढायचा तो गोल.

ही माझी तिसरी खेप.

स्वानेतीच्या या धारेवर वार्लाम सरांनी
चौऱ्याहत्तर साली खिळे ठोकले होते,
दर पन्नास मीटर उंचीला एक.
त्यांचा लाल रंग केव्हाच उडाला,
आता गंज तेवढा लाल आहे.
सरांची वही माझ्या पिशवीत असते :
जांभळी शाई, एका पानावर चहाचा ओघळ,
आणि अठराव्या खिळ्यापाशी समासात टीप,
‘सॅक्सिफ्राज. इतकी, की पाय कुठे ठेवावा कळेना.’

मला पाय कुठेही ठेवता येतो.

नखाएवढं पांढरं फूल. लॅटिनमध्ये तिचं नाव
खडक फोडणारी.
खडकाशी तिचं कधी वाकडं नव्हतं.
तिला उंच गवताची सावली सोसत नाही, एवढंच,
आणि गवत आता इथवर पोचलंय.

झाडं चालत नाहीत, त्यांची पोरं चालतात.
म्हातारी जागच्या जागी वाळतात,
बी वाऱ्यावर निघून वर कुठेतरी बिऱ्हाड मांडतं.
हे मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा ते लिहून घेतात.
बीमुर्झाला सांगितलं,
तर तो गाईच्या शिंगावरची माशी हाकलत म्हणाला,
‘माझ्या लहानपणी बर्च चर्चच्या खालीच थांबायचा.
आता चर्चमागे येऊन उभा राहतो,
प्रार्थनेला उशिरा आलेल्या माणसासारखा.’

मग, बराच वेळ गेल्यावर :
‘हिमकडा कोसळला त्या वर्षी सरकारनं आम्हाला खाली नेलं.
सपाटीवर. घर चांगलं होतं, नळ होता.
आई तिथे दोन उन्हाळे जगली.
डॉक्टरांनी हृदय लिहिलं.
तुझ्या वहीत अशांना रकाना आहे का?’

नाही, म्हटलं.
माझ्या वहीत फक्त वर जाणारे आहेत.

तिबिलीसीला माझ्या संगणकात
हा सगळा डोंगर चौकोनांचा आहे.
तापमान घातलं, बर्फाचे दिवस घातले, सालं पुढे ढकलली,
की हिरवे चौकोन उतारावरून चढू लागतात
मुंग्यांसारखे, समजूतदार.
शिखराशी सात उरतात. मग तीन.
मग एकच, बराच काळ.
त्यानंतर पडद्यावर वर जागा असते,
डोंगराला नसते.
त्या रात्री मी संगणक बंद न करता झोपले.
सकाळीही तो एक चौकोन तसाच,
मी कळ दाबायची वाट पाहत.

आज धुकं नाही. सबब नाही.
चौकट ठेवली. गवत, गवत, शेळीची लेंडी,
जांभळी घंटाफुलं दोन, पुन्हा गवत.
चार कोपरे, मधला भाग, पुन्हा चार कोपरे.
पेन्सिलीला टोक काढलं, गरज नसताना.

‘ए बाई,’ वरून बीमुर्झा ओरडला,
‘हे बघ काय.’
खिळ्याच्या रेषेबाहेर, कातळाच्या भेगेत
बोटभर मातीत एकच, पांढरी,
वाऱ्याला मान न देता हलत.

चौकटीबाहेरचं धरायचं नसतं.
एकदा मन मोडवेना म्हणून धरलं,
की पुढच्या पन्नास वर्षांची मोजणी खोटी.
हा नियम मीच शिकवते, आवाज चढवून.

मी खाली आले. रकान्यात शून्य लिहिलं,
गोल पुरा जोडून.

आणि समासात, सरांनी सोडली होती तेवढ्याच जागेत :
‘चौकटीबाहेर, सव्वा हात वर, एक.
पाय जपून ठेवला.’