पहिलं माप

मासळीच्या कारखान्यात चहाची सुट्टी वीस मिनिटं.
चार जातात हातमोजे काढण्यात,
तीन, बोटांत जीव परतायला.
उरली तेरा.
त्यात मी शेकडेवारीची सहा गणितं उरकते
हॅडॉकच्या फाटक्या खोक्यावर, शिसपेन्सिलीने,
पेन इथल्या गारठ्यात उठत नाही.

जागा सरकारी आहे. रोजगार कचेरी, ग्रिम्सबी.
टेबल, खुर्ची,
आणि इल्झे म्हणते, पायाशी हीटर.
इंग्रजीचा पेपर सुटला. गणित राहिलंय.

‘सहाशे चाळीस अर्ज आले, साडेबारा टक्के फेटाळले,’
इल्झे वाचते, लाटव्हियाच्या जड उच्चारांत,
तिचं बोट कॅल्क्युलेटरला लागायच्या आत
मी म्हणते, ऐंशी.
ती बघत राहते.
तिला कसं सांगू, साडेबारा टक्के म्हणजे रुपयात दोन आणे.
आणा मी पाहिलेला नाही,
पण बार्शीला आमच्या घरी
वाटण्या, भांडणं, आजारी माणसाची तब्येत,
सगळं आण्यांतच मोजत.
‘आज बारा आणे बरा आहे.’

वडील आडत बाजारात तोलार.
रुमालाखाली व्यापाऱ्यांची बोटं दाबली जायची, भाव ठरायचा,
मग हे मापं मोजायला बसायचे.
दिडकी, अडीचकी त्यांनी मला पोत्यांवर बसवून शिकवली.
बे अडीच पाच, तीन अडीच साडेसात.
अडीचला इंग्रजीत एका शब्दाचं घर नाही,
दोन आणि एक अर्धा, असं सामान फोडून न्यावं लागतं.

तलाठ्याची परीक्षा मी दोनदा दिली.
एकदा तीन गुणांनी गेली,
एकदा नळाने.
एक नळ टाकी सहा तासांत भरतो,
दुसरा चार तासांत रिकामी करतो,
दोन्ही उघडे ठेवले तर?
पेपर बाजूला ठेवून मी विचार करत बसले,
दुसरा नळ उघडा ठेवणारा माणूस कोण?

आता ठाऊक आहे.
शुक्रवारी पगार येतो.
भाडं, गॅसचं मीटर, सासऱ्यांचं डायलिसिस, ओवीचे बूट.
भरलेली टाकी बारा तासांत कोरडी.
माझी पाळीही बाराच तासांची.

रात्री स्वयंपाकघरात ओवी मला तपासते,
अकरा वर्षांची, लाल पेन घेऊन.
ती म्हणते, आई, वन कॅरी कर.
मी म्हणते, हातचा एक.
‘हातचा म्हणजे?’
म्हणजे, जो इथे मांडता येत नाही
आणि टाकूनही चालत नाही.
पुढच्या घरात जाईपर्यंत मुठीत धरायचा.
‘आणि विसरला तर?’
तर उत्तर चुकतं, बाळ. दिसायला बरोबरच दिसतं.

नवरा म्हणतो, आहे ती नोकरी काय वाईट आहे,
हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला.
मी त्याला बोटं दाखवते.
तो दूध आणायला जातो.

रविवार. बाहेर हंबर नदीवरून खारं धुकं.
ओवीने लॅपटॉप उशीवर ठेवलाय, पंखा गरम होतो म्हणून.
कॅल्क्युलेटर चालतो असं लिहिलंय,
तो मी डाव्या हाताला ठेवलाय, पाहुण्यासारखा.
पडद्यावर प्रश्न पहिला:
कुठल्याशा शहरातल्या बसगाड्या, त्यांचे प्रवासी, तक्ता.

पहिल्या मापाला वडील एक म्हणत नसत.
पोरी, एक म्हणजे एकटा,
धान्याच्या राशीसमोर असं बोलू नये.
माप भरायचे, तळहाताने सपाट करायचे,
पोत्यात ओतायचे आणि अख्ख्या आडतीला ऐकू जाईल असं...

‘लाभ.’

‘काय?’ ओवी दारातून विचारते.
काही नाही. दार लोटून घे.
मोजतेय.