एकास अठरा

नौपाड्यात डॉक्टर मथुऱ्यांच्या दवाखान्यात
मासिकांच्या जागी काचेचं कपाट आहे,
आत दिवा, आणि बुटाएवढ्या अकरा गाड्या.

मी गेलो होतो कवळीसाठी.
त्यांनी गुलाबी लगद्याचा ट्रे जबड्यावर दाबला,
म्हणाले, तीन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही,
आणि माझं मन रमावं म्हणून
एक गाडी आणून माझ्या हातात ठेवली.

लागोंडा. दुधी आणि जांभळी.
"मूळ गाडी आता परदेशात, संग्रहालयात.
ही करणारे तिच्यापुढे अकरा दिवस बसले होते,
इंच अन् इंच मोजून. एकास अठरा.
स्टिअरिंग फिरवा, चाकं वळतात बघा."

फिरवलं. वळली.
मूळ गाडीचं स्टिअरिंग असं बोटानं वळायचं नाही.
खांदा लावावा लागायचा, आणि तांडेल मेस्त्री मागून ओरडायचे,
अरे, बैल आहे का तो?

वागळे इस्टेट, सोळा नंबर रस्ता, एकाहत्तर साल.
कुठल्याशा संस्थानची ती गाडी
सात आठवडे आमच्या पत्र्याखाली उभी होती.
सीटखाली उंदरांनी घर केलेलं,
त्यात कापूस, आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे तुकडे.
रात्रभर तेल गळायचं. खाली आम्ही परात ठेवायचो,
सकाळी ती काळी आणि गुळगुळीत,
तिच्यात बघून मी भांग पाडायचो.

हिच्यात उंदीर नाहीत. तेल नाही.
दार लावलं तर टिक् होतं, कुंकवाच्या डबीसारखं.
तिचं दार लागायचं तेव्हा
शेजारच्या शेडमधला माणूस वळून बघायचा.
चामड्याच्या जागी रंग आहे, चांगला रंग आहे,
पण नाक जवळ नेलं तर लवंगेच्या तेलाचा वास,
तो दवाखान्याचा.

मग नखाला काहीतरी लागलं.

उजव्या दाराचं हँडल. डाव्या दाराचं हँडल.
पुन्हा उजवं.

डावं तुटून आलं होतं.
ड्रॉइंग नाही, नमुना म्हणून समोर फक्त उजवं.
मी एकोणीस वर्षांचा, लेथवर हात नुकता बसलेला.
पितळेचा गज घेतला, कातला, घासला,
क्रोम करून आणलं, बसवलं,
आणि मेस्त्रींनी कॅलिपर लावला.
दोन सूत जास्त.
ते माझ्याकडे बघत राहिले. मी जमिनीकडे.
उद्या सकाळी गाडी न्यायला माणसं येणार होती.
शेवटी कॅलिपर खिशात घालून म्हणाले,
राजाच्या दाराला कोण फूटपट्टी लावतोय.

लावली. पन्नास वर्षांनी लावली.
कोण्या परक्या माणसानं गुडघे टेकून
माझी चूक मोजली, वहीत लिहिली,
अठरानं भागली,
आणि भागाकार चुकू दिला नाही.
त्याला काय वाटलं असेल?
जुने इंग्रज कारागीर, त्यांचं काही कारण असेल.

रंग नवा झाला, चामडं नवं झालं,
उंदरांचं घर गेलं. मेस्त्री गेले.
सोळा नंबरला आता काचेची इमारत, तिच्यात कॉल सेंटर.
आणि हँडल तसंच.

मी हूं हूं करत बोट दाखवायला लागलो.
डॉक्टर म्हणाले, अजून एक मिनिट, काका.

ट्रे निघाला. मी चूळ भरली.
म्हटलं, हे डावं हँडल जरा लांब आहे.
त्यांचा चेहरा उजळला.
"लक्षात आलं तुमच्या? कुणाच्याच येत नाही.
ओरिजिनलच तशी आहे."

मी गाडी दोन्ही हातांनी परत दिली.

ट्रेमध्ये माझ्या जबड्याचा ठसा,
खड्डे, कंगोरे, राहिलेले तीन दात, सगळं उलटं.
गुरुवारी या, ते म्हणाले,
अगदी मुळासारखी बसेल.
म्हटलं, बघा, दोन सूत इकडेतिकडे झालं तर चालेल.
ते हसले. कवळीला नाही हो चालत, म्हणाले.